क्रुसामागे तीन दिवस

बोरवंड, ता. नेवासा
१० जानेवारी १९७३

प्रिय मिना,

सुरुवातीला सलाम लिहावा की आशीर्वाद, ह्यातच सकाळ गेली. सलाम लिहिला तर तू परकी होतेस. आशीर्वाद लिहायचा, तर तो देणारी मी कोण उरले आहे? म्हणून नुसतं नाव लिहिलं. तेही फिलोमिना लिहिणार होते, पण हात सवयीने मिना लिहून गेला.

तुझा पत्ता नाताळच्या आधी कॉन्व्हेंटमधून आलेल्या एका सिस्टरनी दिला. सोलापूरच्या इस्पितळात नर्स आहेस, बायकांच्या वॉर्डात असतेस, एवढंच त्या म्हणाल्या. मी पुढे विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. त्यांना वाटलं असेल, आईला ठाऊकच असणार.

ह्या जूनला सात वर्षं होतील. मधे एकदाच दिसलीस, बाबांच्या मातीला. कबरस्तानाच्या फाटकाशी पांढरी साडी नेसून उभी होतीस. मूठभर माती टाकलीस आणि तशीच एसटीच्या रस्त्याला लागलीस. घराकडे वळली नाहीस. मी लिहिलंच होतं तसं. गर्दीतून तुला हाक मारायला दोन पावलं पुरली असती, पण मी मारली नाही. लोक म्हणाले, मास्तरीणबाई किती शांत, डोळ्यांतून टिपूस नाही.

आत्ता लिहिण्याचं कारण डोळा. उजव्या डोळ्यापुढे कुणी दुधाची साय धरल्यासारखं दिसतं. नगरच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू म्हणून सांगितलं. पिकला की काढू म्हणाले. डावाही त्याच वाटेने निघाला आहे. वाचायला दुपारचं ऊन लागतं आणि ओळी मधेच तुटतात. दिसतं आहे तोवर माझ्याच हाताने तुला चार ओळी लिहाव्यात असं वाटलं. दुसऱ्याला सांगून लिहवून घेण्यासारखं हे नाही.

इकडे सलग तिसऱ्या वर्षी पाऊस नाही. प्रवरेच्या पात्रात मुलं विटीदांडू खेळतात. रेशनवर परदेशी तांबडी ज्वारी, मिलो, मिळते, तिची भाकरी थापताना कडा फाटतात. अर्धं गाव बंधाऱ्याच्या कामावर असतं. तिथे मुलांना सुकडी वाटतात. ती वाटायला मला बोलावलं, कारण मी समोर असले की पोरं रांग मोडत नाहीत. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी माझा धाक शिल्लक आहे. घरी मात्र धाक दाखवायला कुणी नाही. मी आणि भिंतीवरचा क्रूस.

तो क्रूस तुला आठवतो ना? बाबांनी लग्नाच्या वर्षी ठोकलेला खिळा तिरका गेला होता, म्हणून क्रूस वरच्या बाजूने भिंतीपासून दोन बोटं सुटून राहतो. त्या फटीत तुझी किती पत्रं जाऊन बसायची! चौथीत असताना तू फादरांना अर्ज लिहिला होतास, ‘माझी आई शाळेत मला ओळख दाखवत नाही, तरी तिची बदली करावी.’ तो तीन दिवस तिथे होता. तिसऱ्या दिवशी तू स्वतःच काढलास, वाचलास आणि हसत सुटलीस.

नियम माझा नव्हता, सिस्टर ऑगुस्तांचा होता. पुण्याच्या बोर्डिंगात मला दहाव्या वर्षी ठेवलं. पहिल्याच आठवड्यात मी रडत रडत आप्पांना लिहिलं की, मला न्या, नाहीतर मी विहिरीत उडी टाकीन. सिस्टरनी पत्र वाचलं नाही. घडी घालून चॅपेलमधल्या क्रुसामागे ठेवलं आणि आपल्या मोडक्या मराठीत म्हणाल्या, “राग आला, रडू आला, की पत्र इकडे ठेवायचा. थडग्यातून उठायला प्रभूला तीन दिवस पुरले, तुला पण पुरतील.” तिसऱ्या दिवशी मीच ते फाडलं. त्या दिवशी जेवणात आंबा होता हे एक कारण. पण तेव्हापासून आयुष्यभर मी तो नियम पाळला. शाळेत शेकडो मुलांना शिकवला. मन गढूळ असताना काही ठरवायचं नाही. गाळ खाली बसू द्यायचा, मग तळ बघायचा.

हे पत्रही तिथे ठेवते आहे.

१३ जानेवारी

तिसरा दिवस. पुन्हा वाचलं. फाडण्यासारखं काही नाही. पाठवते.

तुझी आई


बोरवंड
५ फेब्रुवारी १९७३

प्रिय मिना,

उत्तर आलं नाही. येईल अशी अपेक्षा ठेवली नव्हती असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. रंभाजी पोस्टमनच्या सायकलची साखळी करकरते, ती मला आता वडाच्या वळणापासून ऐकू येते. डोळे जसे मंद होताहेत तसे कान तीक्ष्ण होताहेत. परवा त्याने दुरूनच हात हलवला आणि ओरडला, “बाई, आज न्हाई काय! उगं उन्हात उबं ऱ्हाऊ नगा.” सगळ्या गल्लीने ऐकलं. आता मी दारात उभी राहत नाही. खिडकीत बसते.

मागच्या पत्रात एक गोष्ट लिहायची राहिली. खरं तर तेवढ्याचसाठी लिहायला बसले होते आणि आंब्यापाशीच थांबले.

त्या वर्षीच्या माझ्या पत्राबद्दल.

तू कॉन्व्हेंट सोडल्याचं तुझं पत्र घेऊन रंभाजीच आला होता. पत्र माझ्या हातात देऊन तो शेजारी गोजरबाईच्या ओट्यावर चहाला टेकला. मी उभ्याउभ्याच वाचलं. गावाला काय सांगू, हे पहिलं मनात आलं. मिना, मी तुझ्यापासून काय लपवू? त्या वर्षी तुझी अंतिम व्रतं होणार म्हणून मी सगळ्या ख्रिस्ती वस्तीला आमंत्रण दिलं होतं. बोरवंडची पहिली सिस्टर! गाडी ठरली होती, कोण कुठे बसणार ते ठरलं होतं. मला स्वतःला सिस्टर व्हायचं होतं हे तुला माहीत आहे. आप्पांनी लग्न ठरवलं आणि ते राहिलं. तू गेलीस तेव्हा वाटलं होतं, माझं अर्धं राहिलेलं कुणीतरी पुरं करतंय.

रंभाजीचा चहा होईपर्यंत मी उत्तर लिहिलं. हात थरथरत होता. काय लिहिते आहे हे मला कळत नव्हतं. तो सायकलवर बसला आणि मी अनवाणी त्याच्या मागे पळाले. वडापाशी गाठलं. टाचेत बाभळीचा काटा गेला तोही घरी आल्यावर कळला. त्या दिवशी त्याची सायकल पंक्चर असती, गोजरबाईने दुसरा कप चहा दिला असता, तर पत्र क्रुसामागे गेलं असतं आणि तिसऱ्या दिवशी मीच ते फाडलं असतं.

आयुष्यात एकदा नियम मोडला तो तुझ्या बाबतीत. ‘हा उंबरा तुला पारखा झाला’ हे माझ्या मनाने लिहिलं नव्हतं, माझ्या घाईने लिहिलं होतं. त्या घाईची क्षमा मागते.

८ फेब्रुवारी

तिसरा दिवस. वाचलं. काटा गेल्याचं लिहायला नको होतं असं वाटतं, पण राहू दे.

तुझी आई


बोरवंड
२३ एप्रिल १९७३

प्रिय मिना,

ईस्टरचा आशीर्वाद. आज लिहायला धीर आला, कारण सांगण्यासारखं घडलं आहे.

मिशनच्या विहिरीतून मार्चपासून हंडाभर पाणी निघेना, म्हणून गावाने ती खोल करायला घेतली. उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, आमचे लोक कामावर गेले नव्हते. गोजरबाईचा सोपान आणि आणखी तिघे मात्र उतरले होते. सोपान आठवतो ना? तुझ्या बरोबरीचा, तुझी पाटी फोडली होती तोच. आता त्याला दोन मुलं आहेत. सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेत होतो आणि बाहेर आरडाओरडा झाला. विहिरीची एक बाजू ढासळली होती. तिघे दोर धरून वर आले, सोपान आला नाही.

मी पोहोचले तेव्हा काठावर पन्नास-साठ माणसं होती आणि प्रत्येक जण ओरडत होता. चारपाच जण आत उतरून दिसेल तो दगड उपसत होते. एकीकडून दगड काढला की दुसरीकडून माती घसरत होती. गोजरबाई काठावर जाऊन वाकत होती, तिला दोघींनी धरलं होतं. “सोप्या रं, आवाज दे रं!” म्हणत ती इतकी किंचाळत होती, की त्याने दिला असता तरी तिला ऐकू आला नसता.

 मग आपोआप झालं ते असं. मी छगनला, देवळाची घंटा वाजवणाऱ्याला, म्हटलं, “घंटा वाजव.”  “बाई, आज? शुक्रवारी? फादर काय म्हंतील?” गुरुवारच्या मिस्सेनंतर ईस्टरपर्यंत घंटेला हात लावायचा नाही, हे त्याला मीच शिकवलं होतं. मी म्हटलं, “फादरांना मी सांगेन. देवाला सांगावं लागणार नाही. जा.”

त्या दिवशी घंटा वाजली हे ऐकूनच लोक चमकून गप्प झाले. तेवढ्यात मी काठावरच्या दगडावर उभी राहिले आणि चौथीच्या वर्गात ओरडायचे तशी ओरडले, “सगळे खाली बसा! हाताची घडी, तोंडावर बोट!”

मिना, बसले गं! त्यातले निम्मे माझेच विद्यार्थी. ज्यांना मी शिकवलं नाही तेही बसले. साठीतला सहादेव पाटील, मोठा पटका बांधलेला, तोंडावर बोट ठेवून मातीत बसला. एरवी मी हसले असते. आत उतरलेल्यांना म्हटलं, दगड सोडा, भिंतीला कान लावा. गोजरबाईला मी माझ्या मांडीशी घेतलं आणि तिच्या तोंडावर हात ठेवला. अख्खी विहीर गप्प झाली. टिटवीसुद्धा ओरडेना.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग आलं. टक्. पुन्हा टक्. लोखंडावर दगड. सोपान पहारीवर दगड मारत होता आणि आवाज येत होता तो ते उपसत होते तिथून नाही, बरोब्बर समोरच्या बाजूने, जुन्या पायऱ्यांच्या खालून. पायऱ्यांच्या घडीव दगडांनी त्याच्यावर छत धरलं होतं. सगळे उपसत होते तिथला ढीग आणखी खाली घसरला असता, तर तोच त्याच्या अंगावर गेला असता.

दुपारी तीनला त्याला वर काढलं. पाय मोडला आहे, बाकी धड आहे. वर आल्यावर पहिलं काय म्हणाला असेल? “आये, तमाकूची चंची आत ऱ्हायली.” गोजरबाईने त्या मोडक्या पायाच्या पोराला एक ठेवून दिली आणि मग रडायला बसली.

संध्याकाळच्या प्रार्थनेत फादर घंटेबद्दल एक शब्द बोलले नाहीत. बाहेर पडताना फक्त म्हणाले, “इतक्या गोंधळात बाई, तुमचं डोकं थाऱ्यावर कसं राहिलं?” मी म्हटलं, बोर्डिंगची शिकवण.

तू असतीस तर तुला आनंद झाला असता असं वाटलं. घरी आले आणि हे सांगायला कुणी नव्हतं. क्रुसाला सांगितलं, पण तो तिथे होताच.

२६ एप्रिल

तिसरा दिवस. सकाळी गोजरबाई मिलोच्या दोन भाकरी घेऊन आली होती. म्हणाली, “बाई, तुमचं काळीज दगडाचं हाय म्हून माजं लेकरू वाचलं. माजं लोन्याचं, ते काय कामाचं?” कौतुकानेच म्हणाली. ती गेल्यावर बराच वेळ मला भाकरी खाववेना.

पत्र पाठवते.

तुझी आई


बोरवंड
११ मे १९७३, शुक्रवार

मिना,

तुझं कार्ड आत्ता आलं. रंभाजीने ते माझ्या हातात देताना सांगितलं, “सोलापूरचं हाय. कारड हाय, पर म्या वाचलं न्हाई हां बाई. आन् डोळा दाकवून घ्या येकदा, हयगय बरी न्हवं.” आता तो गोजरबाईच्या ओट्यावर चहाला टेकला आहे. साखर नाही, गुळाचा आहे, आणि आज गोजरबाईचं सरपण ओलं आहे असं दिसतं, धूर फार येतो आहे. तेवढा वेळ मला आहे.

तुझ्या पाच ओळी मी खिडकीत धरून वाचल्या, एकेक अक्षर बोटाने.

‘आई, पत्रं मिळाली. सात वर्षांपूर्वीच्या तुझ्या पत्रावर तारीख बारा जूनची आहे. त्या दिवशी रविवार होता. रविवारी रंभाजीकाका कधी आले होते? नेवाशाच्या टपालाचा शिक्का पंधराचा आहे. तीन दिवस मोजायला तूच शिकवलंस. डोळा दाखवून घे. फिलोमिना.’

म्हणजे तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

हो. मी पळाले नाही. काटा टोचला नाही. रंभाजी तुझं पत्र घेऊन आला तो शनिवारी. रविवारी मिस्सेनंतर मी उत्तर लिहिलं. हात थरथरला नाही. सोमवारी त्यावर शाईचा डाग दिसला म्हणून दुसऱ्या कागदावर स्वच्छ उतरवून काढलं, तारीख मात्र बाराचीच ठेवली. ते पत्र रविवारपासून क्रुसामागेच होतं. रोज त्याच्याखाली गुडघे टेकून मी रोजरी म्हटली. बुधवारी काढलं, वाचलं आणि मला एक शब्द बदलावासा वाटला नाही. वाटलं, बघ, राग असता तर एव्हाना उतरला असता, त्या अर्थी हे देवाच्या मनातलं आहे.

बाबा दारात उभे होते. म्हणाले, “आग्नेस, आणखी तीन दिवस ठेव.” मी म्हटलं, “नियम तीनाचा आहे.”  मी चपला घातल्या, छत्री घेतली आणि वडापाशी जाऊन रंभाजीची वाट बघत उभी राहिले. त्या दिवसापासून चार वर्षं बाबा ह्या घरात माझ्याशी फक्त कामापुरतं बोलले. हेही तुला कधी लिहिलं नव्हतं.

घाईची क्षमा लोक करतात, म्हणून मी घाई लिहिली. शांतपणे केलेलं होतं ते, मिना. विचार करून केलेलं.

विहिरीचं लिहिल्यापासून मला एक गोष्ट सोडत नाही, गोजरबाई बोलून गेली तेव्हापासून तर नाहीच. सिस्टर ऑगुस्तांचं मी तुला अर्धंच सांगत आले. पत्र क्रुसामागे ठेवून त्या मोकळ्या होत नसत. रोज संध्याकाळी प्रार्थनेनंतर बाकावर शेजारी बसवायच्या आणि विचारायच्या, “आज काय ऐकला?” मी म्हणायचे, काही नाही. “बरा. मग उद्या पण बस.” तिसऱ्या दिवशी मी म्हटलं होतं, “सिस्टर, मी पत्र धाडलं तर आप्पा एवढ्या लांबून धावत येतील आणि त्यांची पेरणी राहील.” तेव्हा त्यांनी पत्र माझ्या हातात दिलं. आंबा तर सगळ्यांनाच मिळाला होता. मी फाडलं ते ह्यासाठी. हे मी विसरले, की विसरणं सोयीचं होतं, कोण जाणे. तीन दिवस तेवढे लक्षात ठेवले.

त्या विहिरीवर मी सगळ्यांना गप्प बसवलं, पण मीही गप्प बसले होते. मी मनातही बोलत नव्हते, देवालासुद्धा काही सांगत नव्हते. फक्त भीत होते आणि कान देत होते. आणि आपण उपसत होतो ती बाजूच चुकीची निघाली. तुझ्या पत्राच्या वेळी मी तीन दिवस नुसती मोजत बसले. देव, बाबा, तू, कुणाचंच ऐकलं नाही. तुझ्या पत्रात चौथी ओळ होती, ती मी तेव्हा डोळ्यांखालून घातली आणि पुढे गेले. काल ते पत्र पेटीतून काढलं. तू लिहिलं होतंस, ‘हा निर्णय मी तीन दिवस नाही, एक वर्ष क्रुसामागे ठेवला होता, आई. माझं मन आता शांत आहे. तू विचारलंस तर सगळं सांगेन.’

मी विचारलं नाही. सात वर्षं झाली, अजून विचारलेलं नाही.

आता विचारते. काय झालं होतं गं? तू काय ऐकलंस त्या वर्षभरात? सांगायचं नसेल तर सांगू नकोस. मला न पटण्यासारखं असेल तरी मी ऐकेन. मधे बोलणार नाही. तोंडावर बोट.

आणखी एक. तू घरी ये असं लिहिणार होते, पण तो उंबरा मी तुला बंद केला, तो ओलांडायला तुलाच बोलवायचं हे बरं दिसत नाही. डोळा मी तुझ्या इस्पितळात दाखवला तर चालेल का? मी एकटी एसटीने येईन. नगरला गाडी बदलावी लागते असं रंभाजी म्हणतो. डॉक्टरांच्या दारात बसवून तू तुझ्या कामाला जा. मला तुझा आवाज वॉर्डातून येताना ऐकू आला तरी पुरे. आणि तुला वाटलं तर तुझ्या खोलीचा उंबरा दाखव. नाही वाटलं तर मी परतीच्या गाडीने निघेन, रागावणार नाही.

अक्षर वेडंवाकडं झालं आहे. दोनदा शाई सांडली. पुन्हा उतरवून काढणार नाही. क्रुसाकडे बघितलं, ती फट आज रिकामी आहे, राहू दे. सिस्टर ऑगुस्ता रागावल्या तर त्यांनाही मी सांगेन.

रंभाजीने कपबशी ठेवल्याचा आवाज आला. गोजरबाई म्हणते आहे, “आनिक घ्या की घोटभर,” आणि तो म्हणतो आहे, “नगं, ऊन लई झालंय.” सायकलचं स्टँड वाजलं. साखळी करकरायला लागली.

मिना, शिक्का बघ. आजचा असेल, फार तर उद्याचा.

चपला सापडत नाहीत. मी तशीच जाते.

तुझी आई